कमरेला नारळ बांधून एकवीस किलोमीटर

मी एकदा अर्ध मॅरेथॉनच्या ऐन मध्यावर, भर रस्त्यात थांबून, टी-शर्टाचा घोळ पुढे धरून ओटी भरून घेतली आणि तो नारळ कमरेला बांधून पुढे धावले. लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवसाचा फोटो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अजून फिरतो आणि दर वेळी कुणीतरी नवीन माणूस विचारतं, "ह्या बाई कुठे निघाल्यात?"

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. आजचं वय सांगत नाही, पण त्या चौसष्टवालीकडे पाहिलं की मला नववीतली मुलगी पाहिल्यासारखं होतं. उत्साह अफाट, बुटाची नाडी सुटलेली, आणि कुणी जरा मोठ्याने हाक मारली की जागच्या जागी उभी.

मी रत्नागिरीची. धावायला लागले ते साठीनंतर. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण चालताना शेजारच्या वहिनी सोबत येत आणि त्यांच्या सुनेची सगळी प्रकरणं मला ऐकवत. पळायला लागले तशा त्या मागे पडल्या. माझ्या क्रीडाजीवनाची सुरुवात ही अशी.

पुढे दहा किलोमीटर झाले, आणि एके दिवशी मी जानेवारीतल्या पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवून टाकलं. बेचाळीस किलोमीटर! कारण ऐकाल तर हसाल. आयुष्यात मी एकही गोष्ट पुरी केलेली नव्हती. हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्या, तिसरीला बसले नाही. एम.ए.चं एकच वर्ष केलं. घरात तीन स्वेटर विणायला घेतले, तिन्हींना एकेकच बाही. रत्नागिरीत स्वेटर लागत नाही म्हणून निभावलं. आमचे हे पाहुण्यांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हिची सुरुवात फार छान असते." ते प्रेमाने म्हणत, पण मला लागायचं. एक तरी गोष्ट शेवटपर्यंत न्यावी, एवढीच हौस होती.

माझी मुलगी मुग्धा नागपुरात दिलेली आहे आणि धंतोलीतल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिला माझ्या डाव्या गुडघ्याची माझ्यापेक्षा जास्त माहिती. तिने फोनवरच अट घातली.

"आई, डिसेंबरात इथे हाफ आहे. ती माझ्यासमोर धाव. सव्वातीन तासांच्या आत, न लंगडता आलीस तर जानेवारीत जा. नाहीतर नाव काढून घ्यायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं.

"आणि ही रंगीत तालीम आहे, लक्षात ठेव. बूट तेच, खाणं तेच, वेग तोच. त्या दिवशी नवीन काहीही करायचं नाही."

त्या दिवशी मी किती नवीन गोष्टी केल्या, तेच आता सांगायचं आहे.

शुक्रवार, कोराडी रोड

आमच्याकडे थंडी म्हणजे पंखा एकवर ठेवायचा. नागपूरच्या स्टेशनवर उतरले तर तोंडातून वाफ निघत होती आणि मी सुती पंजाबी ड्रेसमध्ये. न्यायला व्याही आले होते, भाऊराव. त्यांनी नमस्काराच्याही आधी अंगातला स्वेटर काढून माझ्या हातात दिला.

"घाला जी आधी. मग बोलू."

तपकिरी, जाडजूड, माझ्या गुडघ्यापर्यंत येणारा तो स्वेटर. खिशात दोन लवंगा आणि एक स्क्रू. भाऊराव कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले आणि तिकडच्याच रस्त्यावर त्यांनी घर बांधलं. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवलं की राखेची रेघ उमटते. भाऊराव त्या रेघेकडे पाहून म्हणतात, "आमचं पेन्शन आहे हे."

विहीणबाई प्रमिलाताई दारातच भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. इथे जरा माझ्याबद्दल सांगायला हवं. मुलीच्या सासरी कुणालाही, कशालाही नाही म्हणायचं नाही, हे माझ्या आईने माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसवलं होतं की मी तिथे पाणीसुद्धा दोनदा पीत असे. प्रमिलाताईंनी असं काही कधी मागितलेलं नव्हतं. मीच आपली नमून वागायची, वाढलेलं सगळं संपवायची, आणि त्यांचा समज झाला की रत्नागिरीच्या बायका भुकेल्याच असतात. म्हणून त्या आणखी वाढायच्या. लग्नानंतर सात वर्षं आम्ही दोघी एकमेकींचा असा छळ करत होतो.

त्या रात्री पाटवडीचा रस्सा होता. त्यावर तेलाचा तांबडा तवंग, शेजारी सांभारवडीचं ताट. सांभार म्हणजे आमची कोथिंबीर. आम्ही ती आमटीवर चिमूटभर भुरभुरवतो, इथे तिचं पोतं सारण करून तळतात. मी हात घालणार, तेवढ्यात मुग्धा दवाखान्यातून आली.

"मम्मी, आईला रस्सा नाही, वडी नाही," ती सासूला म्हणाली. "रविवारपर्यंत फक्त वरणभात."

"काहून वं? विहीण घरी आली अन् तिले वरणभात घालू? लोक काय म्हणतीन?"

"तिचं पोट बिघडलं तर रविवारी सगळे लोक बघतीलच."

प्रमिलाताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं."

हे 'बरं' मला ओळखता यायला हवं होतं. मीही सासू आहे. असं 'बरं' आपण कधी म्हणतो ते मला चांगलं ठाऊक आहे. पण चौसष्टवाली तेव्हा वड्यांच्या ताटाकडे बघत होती.

शनिवार, धंतोली

गुडघ्याला पट्ट्या लावून घ्यायला मुग्धाच्या दवाखान्यात गेले. धंतोलीत एका गल्लीत इतके दवाखाने आहेत की चुकून भलत्याच जिन्याने वर गेलात तर कुणीतरी तुमचे दात काढून देईल. बाकावर माझ्या शेजारी आर्वीकडचे एक आजोबा होते, धोतर, काठी, मांडीवर एक्सरेची पिशवी. त्यांनी माझ्या पायांचं नीट निरीक्षण केलं.

"कोणता पाय गेला जी?"

"गेला नाही हो. उद्या एकवीस किलोमीटर धावायचंय."

आजोबा विचारात पडले. "बस नाही भेटली का?"

मी त्यांना शर्यत म्हणजे काय ते समजावलं. पैसे भरून नाव नोंदवावं लागतं हेही सांगितलं. त्यांनी ते पलीकडच्या म्हातारीला सांगितलं, तिने तिच्या मुलाला. माझा नंबर येईपर्यंत सगळा बाक माझ्याकडे त्या नजरेने पाहत होता, जी एरवी एक्सरेत काही वाईट निघाल्यावर मिळते.

त्या रात्रीही वरणभात. प्रमिलाताई स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर बराच वेळ कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या.

रविवार, पहाट ते सकाळ

शर्यत सिव्हिल लाइन्समधल्या एका मैदानावरून सुटणार होती. अंधार, गारठा, आणि त्या गारठ्यात कर्ण्यावर हिंदी गाणी. मी मुलीचा टी-शर्ट, व्याह्यांचा स्वेटर आणि कानटोपी अशा थाटात उभी. शेजारी चाळिशीची एक बाई जागच्या जागी उड्या मारत होती. रंजना तिचं नाव, उमरेडची, एसटीत कंडक्टर.

"रोज उमरेड-नागपूर उभ्यानं करते जी काकू. आज म्हटलं पळत पाहावं."

आम्ही दोघी मिळून निघालो. नागपूरचे रस्ते सपाट आणि ऐसपैस, दुतर्फा मोठी झाडं. रत्नागिरीत रस्ता पायाला सतत ढकलत असतो, इथे तो आपणहून पुढे पसरत जातो. मी हरखून गेले. फुटाळा तलावापाशी उजाडलं, पाण्यावर धुकं होतं, अंग तापलं. स्वेटर काढून बाह्यांनी कमरेला बांधला. घड्याळात पाहिलं तर वेळ हाताशी ठेवून चालले होते. गुडघा गप्प. मनातल्या मनात मी जानेवारीचं तिकीट काढूनसुद्धा टाकलं.

आणि शंकरनगरकडे वळताना समोर प्रमिलाताई.

एकट्या नाहीत. त्यांच्या भजनी मंडळाच्या आठ-दहा जणी, सगळ्यांच्या अंगावर जरीच्या साड्या आणि वरून शाली. एकीच्या हातात आरतीचं तबक, एकीकडे डबा. मागे स्कूटीला टेकून भाऊराव, मान खाली. रात्रीचा फोन कुणाला होता ते कळलं.

"थांबा, थांबा जी विहीणबाई! बाया पहाटपासून उभ्या आहेत तुमच्यासाठी!"

मागून शेकडो माणसं धावत येत होती. एखादी शहाणी बाई हात हलवून पुढे गेली असती. मी थांबले.

"तुमची ओटी भरायची राहिली," प्रमिलाताई म्हणाल्या. "दुपारी तुम्ही दमून झोपसान, संध्याकाळी गाडी आहे. घरात मुग्धा काही करूच देऊन नाही राहिली. म्हटलं, इथं तर नाही ना येत ती!"

"अहो, पण मी..."

"दोन मिनिटं फक्त. पदर धरा."

पदर कुठला! मी टी-शर्टाचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला. कपाळावर घाम, त्यावर कुंकू, ते नाकावर ओघळलं. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, दोन संत्री आणि वर एक नारळ, तोही शेंडीचा, भरभक्कम. मग एकेकीचा नमस्कार. मग कुणीतरी म्हणालं, विहीणबाई, नाव घ्या. मी धापा टाकत नाव घेतलं! यमकात! एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत उखाणा घेणारी मी जगातली पहिली बाई असेन. टाळ्या झाल्या. फोटो झाला, तोच तो. डब्यातल्या सांभारवडीचे दोन तुकडे माझ्या तोंडात कोंबले गेले, आणि पोलिसाने शिट्टी मारली तेव्हा कुठे मी हलले.

आता ओटीचं करायचं काय? ओटीचा नारळ खाली ठेवता येत नाही, परत देता येत नाही, रस्त्यावर सोडता तर मुळीच येत नाही. मी स्वेटरची झोळी केली, सगळं त्यात टाकलं आणि कमरेला घट्ट बांधून पळत सुटले. नारळ प्रत्येक पावलाला कमरेवर थाप देत होता. स्वेटरच्या सैल विणीतून तांदूळ गळत होते, त्यातले काही थेट माझ्या बुटात. अर्ध्या किलोमीटरवर थांबून बूट झाडला. पुढे पुन्हा झाडला. दोन पारवे काही अंतर माझ्या मागे चालत आले, हे मी शपथेवर सांगते.

गर्दीत पुढे निघून गेलेल्या रंजनाला मी गाठलं, कारण ती पाणी प्यायला थांबली होती.

"काकू, तुमच्या कमरेले काय वाजून राहिलं?"

"नारळ."

"नारळ? काहून?"

"मुलीच्या सासूने ओटी भरली. मघाशी."

दुसऱ्या कुठल्या प्रांतात ह्यावर हसले असते. रंजनाने फक्त मान हलवली. "मग आता काय करता. ठेवताही येत नाही." दहा पावलं पळाल्यावर तीच म्हणाली, "द्या इकडे. दुसरीची ओटी मी घेत नाही जी. पकडते फक्त."

घेणं आणि पकडणं ह्यातला हा फरक मला एकदम पटला. तिने नारळ काखेत धरला, जशी रोज तिकिटांची पेटी धरत असेल तसा, आणि आम्ही पुन्हा लयीत आलो. वेळ गेला होता, पण हातचा गेला नव्हता. मी हिशोब केला, असंच पळाले तर शेवटी दोन-चार मिनिटं उरतील.

तेवढ्यात मागून स्कूटीचा हॉर्न. भाऊराव चालवत होते, मागे प्रमिलाताई, हातात पाण्याची बाटली. त्यांची नजर माझ्या कमरेवरून रंजनाच्या काखेकडे गेली. चेहरा पार पडला.

"माझी ओटी दुसरीले दिली तुम्ही?"

"नाही जी मावशी!" रंजना ओरडली. "पकडली फक्त!"

"प्रमिलाताई, नाही हो, तसं नाही," मी म्हटलं. आणि थांबले. दुसऱ्यांदा. घड्याळाकडे न बघता, रस्त्याच्या कडेला उभी राहून, मी त्यांना समजावत बसले. की कंबर दुखत होती, की ही उमरेडची मुलगी, की तुमच्या हातचं मी कधी नाकारलंय का. प्रमिलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं. रंजनाकडून नारळ घेऊन मी छातीशी धरला, पुन्हा पुन्हा दाखवला. त्या काळजीपायी मला एवढंही सुचेना की विहिणीचं रुसणं दुपारीही काढता येईल, शर्यत तेवढी आत्ताच आहे.

शेवटी भाऊराव ओरडले, "अवो, वेळ चालली न तिची! पळू द्या तिले!"

रंजनाला मी पुढे जायला सांगितलं. ती थांबायला तयार नव्हती अन् जायलाही. "जा गं बाई, तू तरी वेळेत पोच," म्हटल्यावर गेली.

शेवटचे पाच किलोमीटर मी एकटीने केले, नारळ पोटाशी धरून. ऊन वर आलं होतं. बुटातल्या एका तांदळाने करंगळीला फोड आणला होता. घड्याळाकडे पाहणं मी सोडून दिलं, कारण त्यातला आकडा मला आधीच माहीत होता. शेवटच्या वळणावर आले तेव्हा कमानीची एक बाजू माणसं उतरवत होती आणि कर्ण्यावाला आभार मानत होता. मी कमानीच्या उरलेल्या अर्ध्या बाजूखालून आत गेले.

रविवार, झाडाखाली

मुग्धा घड्याळ घेऊन उभी होती. तिने मला झाडाखाली बसवलं, पट्ट्या काढल्या, गुडघा दाबून पाहिला, पाय वाकवून पाहिला.

"सूज नाही. दुखतंय?"

"नाही."

"मग आई, सव्वातीनला आठ मिनिटं जास्त कशी? पहिल्या दहाला तू फार छान होतीस. मी ॲपवर बघत होते."

'पहिल्या दहाला फार छान.' हार्मोनियम, एम.ए., तीन बाह्या, सगळं एकदम आठवलं. पण मुलीच्या सासूची तक्रार मुलीपाशी करणार नव्हते. तेवढी अक्कल चौसष्टवालीला होती.

"पोटात कळ आली जरा," मी म्हटलं.

"खोटं बोलून राहिली ती."

प्रमिलाताई मागे उभ्या होत्या. शाल हातात, केस विस्कटलेले. त्यांनी मुग्धाला सगळं सांगितलं. मंडळाच्या बाया, ओटी, उखाणा, स्कूटी. काही लपवलं नाही, उलट उखाणा जरा वाढवूनच सांगितला. मुग्धा ऐकत गेली. मधेच तिने तोंडावर हात धरला, ती चिडली आहे की हसते आहे ते मला कळेना.

"म्हणजे तू नारळ घेऊन धावलीस?" तिने मला विचारलं. "अर्धी शर्यत?"

"मधे थोडा वेळ रंजनाने पकडला होता."

मुग्धाने नारळ हातात घेऊन वजन पाहिलं. पुन्हा माझा गुडघा पाहिला. दवाखान्यात पेशंटशी बोलतात त्या सुरात म्हणाली, "ठीक आहे. ह्या वजनासकट गुडघा सुजला नाही, आणि वेळ पायामुळे गेला नाही. मी जानेवारीला हो म्हणते. पण आई, त्या दिवशी कुणी हाक मारली तर?"

मी उत्तर द्यायच्या आत प्रमिलाताई खाली बसल्या, माझ्याशेजारी, त्या जरीच्या साडीत मातीवर. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या:

"मी येईन जानेवारीत, घरी नाही बसवणार मले. पण रिकाम्या हातानं येईन अन् गर्दीत उभी राहीन. तुम्ही मले पाहिलं तरी ओळख द्यायची नाही जी, सरळ पळत जायचं. मीबी बाजूच्या बाईले विचारीन, कोण आहे वं ही म्हातारी, एवढी काहून पळून राहिली?"